लेस्टरकडे केबल नव्हती

केबल कंपनीच्या दुकानात आता रांग लावत नाहीत. दारातल्या यंत्रावर नाव टाकायचं, खुर्चीत बसायचं आणि भिंतीवरच्या पडद्यावर आपलं नाव वर सरकायची वाट बघायची. मी नाव टाकलं, कॅझिमिर डी., आणि बसलो. मांडीवर किराण्याची कागदी पिशवी होती. तिच्यात टीव्हीला जोडायचा केबलचा डबा, रिमोट आणि रबरबँड लावलेल्या वायरी. रेनी, माझी मुलगी, फीनिक्सहून तीनदा फोनवर ओरडली होती, "डॅड, पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका! ही माणसं नंतर म्हणतात, डबा मिळालाच नाही." पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे कायमचा राहायला जाणार होतो. म्हणून केबल बंद.

डबा परत द्यायचं मला काही वाटत नव्हतं. फक्त त्यात एक मॅच होती, न पाहिलेली.

आयरीनला, माझ्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून आठ वर्षं ती नर्सिंग होममध्ये, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कायमचं ठेवतात तिथे, होती. रविवारी दुपारी तिला मी भरवायचो. तेव्हाच टीव्हीवर फुटबॉल सुरू असायचा. म्हणून मॅच डब्यात रेकॉर्ड करून ठेवायची आणि सोमवारी सकाळी नऊला लेस्टरबरोबर बघायची, हा आमचा नेम. लेस्टर नोव्हाक आणि मी रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात एकतीस वर्षं एका बाकावर काम केलं. त्याच्याकडे केबल नव्हती. "त्या चोरांना मी एक दमडी देणार नाही," म्हणायचा. मी म्हटलं, मग माझ्याकडे ये. नर्सिंग होममध्ये दिवसभर लोक माझ्यावर दया करायचे. सोमवारी सकाळी निदान मी कुणालातरी काहीतरी देत होतो.

नियम कडक होते. सोमवारपर्यंत स्कोअर कळता कामा नये. गाडीत रेडिओ बंद, पेपर उपडा, न्हाव्याला दम दिलेला. नर्सिंग होमची टॅमिका आमच्या संघाचा शर्ट घालून यायची आणि मला बघितलं की तोंड दगडासारखं करायची, हसू दिसू नये की रडू. मॅचआधी पैज. जो हरेल त्यानं पुढच्या सोमवारी डोनट आणायचे. आणि लेस्टर हरायचा. पाचातल्या चार वेळा हरायचा! मी त्याला म्हणायचो, "लेस्टर, तुला फुटबॉलमधलं ओ का ठो कळत नाही." तो डोकं धरून बसायचा. शेवटच्या मिनिटाला किक बाहेर गेली की खुर्चीतून उठून पडद्याला शिव्या घालायचा. मूत्राशय मात्र नशीबवान होतं त्याचं. बाथरूमला जायचा ते नेमका खेळ कंटाळवाणा असताना. आठ वर्षांत एकही महत्त्वाची चाल त्याची हुकली नाही.

दोन आठवड्यांपूर्वी, रविवारीच, आयरीन गेली. डब्यानं त्याही दिवशी आपलं काम केलं होतं. घरात शोक असला की तुमच्याशी खेळाबद्दल कुणी बोलत नाही, त्यामुळे स्कोअर मला कळलाच नाही. दफनाच्या वेळी लेस्टर कानाशी येऊन पुटपुटला, "मॅच मीसुद्धा बघितली नाहीये. कुणी सांगितलीच तर दात पाडीन त्याचे. तुला जमेल तेव्हा बघू." पाद्री बोलला तेव्हा मी रडलो नव्हतो. लेस्टरच्या या वाक्याला रडलो.

पण मला जमलं नाही. दोन सोमवार तो आला, आम्ही डोनट खाल्ले, टीव्ही बंदच ठेवला. आज महिन्याचा शेवटचा दिवस. मॅच न बघताच डबा द्यायचा असं मी ठरवलं होतं. एक गोष्ट आम्हा दोघांनाही कधीच कळणार नाही, यात मला बरंच वाटत होतं.

पडद्यावर माझ्या नावाच्या वर नाव होतं, लेस्टर एन.

लेस्टर काय, शहरात पन्नास असतील. पण मग दोन नंबरच्या खिडकीशी ते तपकिरी शिकारीचं जाकीट दिसलं, खिसा उसवलेलं. त्याच्या काखेत डबा होता. माझ्या डब्याहून मोठा.

लेस्टरला कमी ऐकू येतं, म्हणून खिडकीतली बाई मोठ्यानं बोलत होती. सगळ्या दुकानाला ऐकू जात होतं.

"हा जुना डबा जमा झाला, मिस्टर नोव्हाक. हा नवीन घ्या. दहा वर्षं आहात तुम्ही आमच्याकडे! स्पोर्ट्सचं पॅकेज तसंच ठेवू ना?"

"हो, हो. रविवारच्या मॅचेस दिसतात ना यात?"

"सगळ्या. लाइव्ह."

माझं नाव पुकारलं गेलं. एक नंबरच्या खिडकीशी, त्याच्या अगदी शेजारी. मी पिशवी काउंटरवर ठेवली तेव्हा त्यानं मान वळवली. नवा डबा हातात तसाच राहिला.

"कॅझ."

"दहा वर्षं," मी म्हटलं.

"अरे, ऐक—"

"त्या चोरांना तू एक दमडी देणार नव्हतास."

माझ्या खिडकीतला माणूस वायरी मोजत होता. लेस्टर जवळ सरकला. "आयरीनला झटका आला त्या वर्षी तू विचारलंस, केबल आहे का. हो म्हटलं असतं तर तू बोलावलं नसतंस, कॅझ. एकटा बसला असतास."

"आणि पैजा?"

त्यानं नवा डबा काउंटरवर ठेवला.

"तुला स्कोअर माहीत असायचा. प्रत्येक सोमवारी माहीत असायचा!"

"तू जिंकलास की दिवसभर बरा असायचास," तो म्हणाला. "दुपारी परत तिकडे जायचं असायचं तुला."

मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. आठ वर्षं मी या माणसाला खेळ शिकवत होतो. बोट दाखवून दाखवून सांगत होतो, बघ, आता हे डावीकडे जातील. तो मान डोलावत होता. डोकं धरणं, शिव्या, बाथरूम, सगळं नाटक. टॅमिका निदान तोंड दगडासारखं करायची. हा तर तोंडानंच फसवत होता. मी मुकाट हरलो असतो, डोनट आणले असते. दया करणारे लोक मला भरपूर होते. मित्र एकच होता, आणि तोही त्यांच्यातलाच निघाला.

"सर, यात काही रेकॉर्डिंग आहेत," खिडकीतला माणूस म्हणाला. "डबा जमा केला की सगळं पुसलं जातं. चालेल ना?"

लेस्टरनं माझी बाही धरली. "कॅझ, ही शेवटची मी खरंच बघितलेली नाही. त्या दुपारी मी तुझ्याबरोबर नर्सिंग होममध्ये होतो ना. नंतर टीव्ही लावलाच नाही. आयरीनची शपथ."

मी त्याच्याकडे बघितलं. डोळे पाणावलेले, हनुवटी थरथरत होती. हे तोंड मी ओळखत होतो. शेवटच्या मिनिटाला किक बाहेर गेली की दर सोमवारी हेच तोंड असायचं.

कदाचित तो खरं बोलत असेल. मला ते कळायला आता काही मार्गच नव्हता.

"पुसा," मी म्हटलं, आणि पावती न घेताच निघालो.