फाटकावरचे समन्स

पणजोबा न्यायालयात पुकारा करीत, आजोबांनी तिथेच समन्स बजावणाऱ्या बेलिफाचा पट्टा बांधला आणि वडिलांनी तो पस्तीस वर्षे वागवला. चौथ्या पिढीत मुलगा नव्हता. तेव्हा पट्टा मुलीने मागून घेतला. कोणाची परवानगी विचारत बसण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

आज दुपारी ती बेलिफबाई राष्ट्रप्रमुखांच्या निवासाच्या फाटकाशी उभी होती. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सकाळीच लागला होता: राष्ट्रप्रमुखांना खटल्यापासून असलेले संरक्षण राज्यकारभारापुरतेच; सुट्टीच्या दिवशी स्वतः गाडी हाकून सायकलवरच्या पोस्टमनला चिरडणे हा राज्यकारभार नव्हे. रस्त्याच्या एका कडेला टाळ्या चालल्या होत्या, दुसऱ्या कडेला न्यायाधीशांच्या नावाने बोटे मोडणे.

बावीस वर्षांपूर्वी याच दाव्याचे समन्स वडिलांकडे होते. राष्ट्रप्रमुख हिरवळीवर चहा घेताना त्यांना धडधडीत दिसले होते. पण सचिवाने डोळे वटारले आणि वडिलांनी शेरा लिहिला, 'इसम आढळून आला नाही.' त्या एका ओळीवर दावा निकालात निघाला, आणि तो पुन्हा लावीपर्यंत राष्ट्रप्रमुखांच्या वकिलांनी संरक्षणाची भिंत उभी केली. पोस्टमनची बायको तेव्हापासून कोर्टाच्या बाकावर बसून होती. आज पाचच्या आत बजावणी झाली नाही, तर तारीख पुन्हा लांबणार होती. आणि पोस्टमनच्या बायकोने ऐंशी ओलांडली होती.

"साहेब भेटणार नाहीत," सुरक्षा अधिकारी म्हणाला. "घरी जा, बाई."

"समन्स घ्यायला नकार, असं समजू?"

"काहीही समजा."

"मग कायद्याप्रमाणे फाटकाला चिकटवते."

"चिकटवा की. दोन साक्षीदार लागतात ना? माझा एकही माणूस सही करायचा नाही."

"तुमच्या माणसांना विचारलंय कोणी?"

तिने खळीची डबी उघडली, कागदाच्या चारी कडांवरून बोट फिरवले आणि समन्स फाटकावर दाबून बसवले. मग गर्दीकडे वळली.

"हे पाहिलेल्या दोघांच्या सह्या हव्यात. नाव, पत्ता, सगळं लिहून."

पत्ता म्हटल्याबरोबर टाळ्या थांबल्या. एक दूधवाला तेवढा पुढे झाला. "लिहा माझा. अर्धं शहर माझ्याच दुधावर आहे."

दुसरे कोणी येईना. चार वाजून गेले. अधिकारी घड्याळ पाहून मिशीत हसला. अखेर समोरच्या कडेने, राष्ट्रप्रमुखांची तसबीर छातीशी धरलेल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका रस्ता ओलांडून आल्या.

"निकाल मला मान्य नाही. मत मी त्यांनाच देणार."

"खुशाल द्या. मला सही पुरे."

"चिकटवलंत, हे मी पाहिलंय. खोटं मी वर्गात चालवून घेतलं नाही, ते आता घेऊ?" तसबीर बगलेत मारून त्यांनी सही ठोकली.

पाचाला सात मिनिटे कमी असताना कोर्टात लिपिकाने बजावणीच्या अहवालावर शिक्का मारला. बेलिफबाईने तो बाकावरच्या वृद्धेला शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. मग तिचा आवाज उतरला.

"मावशी, तेव्हा इसम होता. बाबांनी खोटं लिहिलं."

"माहीत होतं गं. परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं." म्हातारीने अहवालावरच्या शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "त्यांना सांग, माझं त्यांच्याकडे आता काही राहिलं नाही."

मग तिने पिशवी उचलली आणि बाक मोकळा करून ती उठली.