अक्षय्य तृतीयेचं श्रीखंड

माझ्या सासूबाईंना माझी नोकरी कधीच आवडली नाही. सुनेने नोकरी करण्याला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती जंतूंना. आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी संध्याकाळी पाऊल टाकलं की आतून हाक यायची, "आधी बाथरूम, हेमलता! ते सगळं तिकडेच ठेवून ये."

'ते सगळं' म्हणजे माझे साल्मोनेला. एका सरकारी प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं अन्नातून पसरणाऱ्या जंतूंवर काम करत होते, आणि अकरा वर्षं मला आंघोळीशिवाय स्वयंपाकघरात यायची बंदी होती. मी धुसफुसायचे. पण खरं सांगायचं तर आईंइतकी स्वच्छ बाई मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिली नाही. पहाटेची आंघोळ, धुतलेलं लुगडं, स्वयंपाकाआधी दोनदा साबणाने धुतलेले हात. आमचे ज्युनिअर लोक याच्या निम्मी काळजी घेते तर माझा घसा एवढा बसला नसता.

बैठकीच्या खोलीत प्रभाचा फोटो होता. चंद्रप्रभा, आईंची पहिली मुलगी, माझ्या नवऱ्याची न पाहिलेली बहीण. एक्कावन्न साली वाईजवळच्या गावी ती चार वर्षांची होऊन मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉइडने, गेली. तापात तिने श्रीखंड मागितलं होतं. वैद्यांनी पथ्य सांगितलं होतं, म्हणून आईंनी दिलं नाही. 'बरी झालीस की देते हं,' म्हणाल्या. ती बरी झाली नाही.

प्रभाचा जन्म अक्षय्य तृतीयेचा. म्हणून दरवर्षी त्या दिवशी आई सेक्टरमधल्या नऊ मुलींना जेवायला बोलवत. मराठी, पंजाबी, मद्रासी, जी असेल ती. पुरी, बटाट्याची भाजी आणि श्रीखंड. श्रीखंड वर्षातून त्या एकाच दिवशी व्हायचं, आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. चक्का त्याच टांगणार, साखर त्याच मिसळणार, पुरणयंत्र नको म्हणून पंच्यावर हाताने घासून त्याच गाळणार. एक वाटी फोटोपुढे जायची. मुलींची पानं भरली की आई प्रभाची गोष्ट सांगत, आणि शेवटी न चुकता तोच प्रश्न विचारत, "अख्ख्या गावात तेव्हा ताप कुणाला नव्हता. विहीर तीच, पाणी तेच. मग माझ्याच घरात कसा शिरला गं?"

विचारत मला, कारण घरात जंतूंचं कळणारी मीच. मी म्हणायचे, "कसं सांगणार आई, इतकी वर्षं झाली."

पंच्याऐंशी साली अक्षय्य तृतीयेनंतर पंधरा दिवसांनी सेक्टरमधल्या दोन मुलींना टायफॉइड झाला. दिल्लीचा मे महिना, कुणाला विशेष वाटलं नाही. शहाऐंशी साली त्याच सुमाराला चार मुली आजारी पडल्या. त्यांतली एक आमच्या वरच्या मजल्यावरच्या सुहासिनीची नीला, नऊ वर्षांची. तिच्या आतड्याला भोक पडलं. ऑपरेशन झालं आणि पोरगी कशीबशी वाचली. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सुहासिनीने माझा हात घट्ट धरला. "यार हेमलता, तू तर हेच काम करतेस ना? शोधून काढ ना, कुठून आलं हे!"

मी कामाला लागले. सहाही मुली आमच्याकडे जेवलेल्या होत्या, हे पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, मीच आणला. प्रयोगशाळेतून, कपड्यांवर, हातांवर. आई अकरा वर्षं म्हणत होत्या तेच खरं ठरलं. मी माझी तपासणी तीनदा केली. माझ्या नवऱ्याची, अविनाशची केली. नळाचं पाणी तपासलं, गच्चीवरच्या टाकीचं तपासलं, बर्फाच्या गोळेवाल्याला गाठलं. मुनीरक्याहून दूध घालणाऱ्या हरपालचं दूध तर चार वेळा नेलं. तो बिचारा म्हणाला, "मैडमजी, जितना मर्ज़ी जाँच लो. मेरे बच्चे भी यही पीते हैं." दुधात काही सापडलं नाही. पण मी बाटल्या भरून नेताना अख्ख्या सेक्टरने पाहिलं होतं. महिन्याभरात हरपालची सायकल आमच्या ब्लॉकमध्ये यायची थांबली. मी दारोदार जाऊन सांगितलं की दूध चांगलं होतं. लोक 'बिल्कुल, बिल्कुल' म्हणाले आणि डेअरीच्या बूथवरूनच दूध आणत राहिले.

आईंची तपासणी मी केली नाही. का, ते आज विचारलं तर सांगायला लाज वाटते. एक तर सासूपुढे शौचाची बाटली धरायची हिंमत नव्हती. दुसरं म्हणजे, आई सोवळ्यात स्वयंपाक करतात, हे मी स्वतःशीच कारण म्हणून मान्य केलं. मी, जिने ज्युनिअर्सना शंभरदा ऐकवलं होतं की जंतू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माणूस पाहून नमुना घ्यायचा नाही, सगळ्यांचा घ्यायचा.

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत आईंच्या पोटात दुखायला लागलं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. रिपोर्ट हातात घेऊन मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच बसले. टायफॉइडचा जंतू काही माणसांच्या पित्ताशयात, खड्यांच्या आडोशाने, जन्मभर राहतो. माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. आणि आईंना मुदतीचा ताप येऊन गेला होता. ती हकिगत त्या फुशारकीने सांगत. प्रभा वर्षाची होती तेव्हा, एकवीस दिवस, डोक्यावरचे केस सगळे गेले, तरी जगले म्हणून.

मी आईंना खोटं सांगितलं. म्हटलं, डॉक्टरांना जंत झाल्याची शंका आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही चोरी केली आहे, पण बाटली दिली. प्रयोगशाळेत तिच्यावर मी नाव घातलं नाही, चारशे सतरा हा नंबर घातला. दोन दिवसांनी जंतू वाढवायची काचेची बशी उघडली तर काजळाच्या टिकल्यांसारखे काळे ठिपके, वर चकाकी. काचेवर सीरमचा थेंब टाकून काडीने ढवळलं. नासलेल्या दुधासारखे कण धरले. शेजारच्या टेबलावरचा भालचंद्र म्हणाला, "अरे वा मॅडम, क्लासिक टायफॉइड आहे!" मी म्हटलं, हो.

मुलींचे जंतू आम्ही जपून ठेवले होते. सगळे मिळून मी फाज टायपिंगला पाठवले, त्यातून जंतूचं घराणं कळतं. उत्तर आलं, सातही एकाच घराण्यातले. एक शंका उरली होती, चक्क्याच्या आंबटपणात हा टिकतो का? मी प्रयोगशाळेत चक्का टांगला. लोकांनी चेष्टा केली, मॅडम पार्टी कधी? त्या चक्क्यात मी चारशे सतरा नंबर मिसळला आणि दुसऱ्या दिवशी मोजला. बरेच मेले होते. पुरेसे जिवंत होते. पुरी आणि भाजी विस्तवावरून उतरतात, त्यांत काही उरत नाही. श्रीखंड विस्तव पाहत नाही, ते फक्त हाताचं असतं.

अविनाशला मी सांगितलं तेव्हा तो कृषी भवनातून नुकताच आला होता. बूट न काढताच खुर्चीत बसला.

"औषध असेल ना?"

"आहे. देऊ. पण खडे असले की बहुतेक वेळा जात नाही. पिशवीच काढावी लागते."

"आईचं हार्ट बघता ऑपरेशनला कोण हात लावणार?" मग वाकून बुटांच्या नाड्या सोडता सोडता तो म्हणाला, "हेमा, काहीही सांग तिला. पण कधीपासून, ते सांगू नकोस. ती मागे मागे मोजत जाईल."

मला ते आधीच कळलं होतं. जो प्रश्न त्या मला दरवर्षी विचारत होत्या, त्याचं उत्तर आता माझ्याकडे होतं. निदान उत्तर असू शकेल असं काहीतरी होतं. प्रभाच्या जंतूचा नमुना कुणी ठेवला नव्हता. सिद्ध काहीच होणार नव्हतं, आणि 'तसं नव्हतंच' असंही मला कधी म्हणता येणार नव्हतं. अविनाश त्याच हातचं जेवून वाढला आणि त्याला काही झालं नाही, याचंही माझ्यापाशी उत्तर नाही.

सहा आठवडे आईंना अँपिसिलिनच्या गोळ्या दिल्या. पोटदुखीच्या म्हणून त्यांनी त्या निमूट घेतल्या. पुन्हा तपासलं. काळे ठिपके. पंधरा दिवसांनी पुन्हा. काळे ठिपके. सर्जनने मान हलवली, म्हणाला, या छातीला भूल देणार नाही. माझ्या विषयात मी तज्ज्ञ मानली जात होते. माझ्या टेबलावर या जंतूवरचे शोधनिबंध वीतभर उंच रचलेले होते. त्यांतला एकही मला माझ्या घरात उपयोगी पडला नाही.

अक्षय्य तृतीयेच्या पाच दिवस आधी आईंनी चक्क्याचा पंचा काढून उकळत्या पाण्यात घातला. मी मागे जाऊन उभी राहिले.

"आई, या वर्षी शिरा करू या का?"

"शिरा? प्रभाने शिरा मागितला होता का?"

"मग श्रीखंड बाजारातून आणू."

त्या वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. त्यावर माझ्याने आणखी एक खोटं बोलवेना. मी गॅस बंद केला आणि सांगून टाकलं. नीलाचा ताप आपल्या श्रीखंडातून गेला.

"दूध खराब होतं?"

"नाही. हरपालचं दूध चांगलं होतं."

"मग?"

"जंतू तुमच्या पित्ताच्या पिशवीत आहे, आई. तुम्हाला त्याचा त्रास नाही. पण तो शौचातून बाहेर पडतो, हाताला लागतो. कितीही धुतले तरी थोडा राहू शकतो. गरम जेवणात मरतो. श्रीखंडात नाही."

त्या पाटावर बसल्या. म्हणाल्या, "सोवळ्यातसुद्धा?"

"हो."

"नीला मरता मरता वाचली."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आई. कुणालाच नव्हतं. मला कळायला हवं होतं."

"हे कधीपासून?"

मी तयारच होते. रिपोर्टमध्ये एक आकडा बदलला म्हणून मी प्रयोगशाळेतल्या एका ज्युनिअर मुलीला रडवलं होतं, तीच मी अगदी सहज म्हणाले, "दोन-तीन वर्षं झाली असतील. दिल्लीचं पाणी, दुसरं काय."

दिल्लीच्या पाण्याला आई पंधरा वर्षं शिव्या देत होत्या. केस गळले, पाणी. डाळ शिजली नाही, पाणी. मला वाटलं, हे त्यांना लगेच पटेल.

"हं," त्या म्हणाल्या. "दिल्लीचं पाणी." आणि पंचा पिळून दोरीवर वाळत घातला.

त्या दिवशी नऊ मुली आल्या. पुऱ्या मी तळल्या, श्रीखंडही मीच केलं, आणि ते जरा पातळ झालं. आई आयुष्यात पहिल्यांदा बाहेर खुर्चीत बसून होत्या, हात पदराखाली घेऊन. सुहासिनीने नीलाला पाठवलं होतं. तिला मी सगळं सांगितलं होतं, तरी पाठवलं. मी तिच्या जागी असते तर पाठवलं नसतं. नीलाचे तापात गेलेले केस आता कुठे कानाखाली आले होते. ती थेट आईंच्या खुर्चीला येऊन टेकली. "आजी, देखो ना, माझे बाल वापस आले!"

आईंनी हात उचलला, तिच्या डोक्यापर्यंत नेला आणि तिथूनच मागे घेतला. "माझेही असेच गेले होते गं सगळे," त्या म्हणाल्या. "प्रभा वर्षाची होती तेव्हा. असेच ..."

त्या थांबल्या. मी वाढता वाढता थांबले. अविनाश दारात उभा होता, त्याने खाली पाहिलं.

"आजी, गोष्ट सांगा ना," मुली म्हणाल्या. काहींची तिसरी-चौथी वेळ होती, त्यांना पाठ होती.

आईंनी गोष्ट सांगितली. प्रभाला ताप आला. वैद्य आले, पथ्य सांगितलं. प्रभाने श्रीखंड मागितलं. आईंनी म्हटलं, बरी झालीस की देते हं. एवढं सांगून झालं, आणि मी पातेलं घट्ट धरून त्या प्रश्नाची वाट पाहू लागले. कसं सांगणार आई, इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी ओठांवर आणून ठेवलं होतं.

त्यांनी विचारलं नाही. गावात ताप कुणाला नव्हता, विहीर तीच होती, यातलं एक अक्षर बोलल्या नाहीत. मुलींना म्हणाल्या, "जेवा. चलो, गार होतंय सगळं."

मी फोटोपुढे ठेवायची वाटी भरून, सवयीने, त्यांच्यापुढे धरली. वाटी त्यांनी घेतली नाही. फोटोकडेही पाहिलं नाही.

"तूच ठेव," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या हातचं नको तिला."