गोलपोस्टची विश्रांती

मैदानाच्या दर टोकाला चार, असे आठ गोलपोस्ट माझ्या ट्रकवर लादलेले होते. दुपारी एकला फुटीचा, म्हणजे आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, अंतिम सामना. आमच्या वुलारीच्या मैदानावरचे जुने खांब पांढऱ्या काकाकुव्यांनी आठवड्याभरात कुरतडून दात कोरायच्या काड्या करून टाकले होते. विश्वास ठेवू नका हवं तर, मी स्वतः त्यातल्या एका काडीने दात कोरलेत. खांब वेळेत आले नाहीत, तर न खेळताच कप पाहुण्या पिंडारीला जाणार होता. आणि क्लबची सेक्रेटरी म्हणजे माझी सख्खी बहीण ग्लेनिस.

पहाटे चारला डब्बोहून निघालो. साडेअकराला टॅबलेटवरची, ट्रकवाल्यांना सक्तीची कामाची डायरी केकाटली: "पंधरा मिनिटं विश्रांती. ११:४५पर्यंत गाडी हलवू नका." पूर्वीची कागदी डायरी बरी होती बिचारी, ती बोलत नसे. मुकाट्याने वॉली आणि थेल्माच्या ढाब्यावर गाडी लावली.

आता या ढाब्याची गंमत अशी की सिडनीची वेळ तिथे संपते आणि ॲडलेडची सुरू होते. ॲडलेड अर्धा तास मागे. हद्द जेवणाच्या टेबलाच्या बरोब्बर मधून जाते. वॉली इकडे सिडनीच्या वेळेने बसतो, थेल्मा तिकडे ॲडलेडच्या. तीस वर्षांच्या संसारात दोघं एका वेळी जेवलेले नाहीत, म्हणून तर संसार टिकला.

मी थेल्माच्या बाजूला टेकलो. तिच्या भिंतीवर अकरा वाजून पाच. म्हटलं, पावणेबाराला अजून चाळीस मिनिटं आहेत! खिमा भरलेला मीट पाय मागवला, चहा मागवला, पुन्हा चहा मागवला. सॉस घ्यायला वॉलीकडे गेलो, तर त्याच्या घड्याळात बारा!

"मेलो! उशीर झाला!"

"कुठला उशीर? बस खाली," थेल्मा ओरडली. "साडेअकराच झालेत. आत्ता गाडी हलवलीस तर दंड बसेल, लायल."

"तिचं काय ऐकतोस? तिला तर कालचाही दिवस अजून संपलेला वाटत नाही," वॉली म्हणाला.

"आणि याचा उद्याचा दिवस आजच वाया गेलाय!"

"पण माझी गाडी कुणाच्या वेळेत उभी आहे?" मी विचारलं.

वॉलीने खिडकीतून वाकून पाहिलं. "तोंड तिच्या, शेपूट माझ्या."

मी डोकं धरून बसलो. डायरी ड्रायव्हरच्या मुक्कामाच्या गावची वेळ धरते, म्हणजे माझ्यासाठी डब्बोची, पर्यायाने सिडनीची, हे मला पाठ होतं. पण दोन घड्याळांच्या मध्ये बसलं की पाठ केलेलं सगळं पुसलं जातं. शेवटी थेल्माच्या पावणेबारापर्यंत थांबलो. पंधराची पंचेचाळीस मिनिटं झाली.

वुलारी हद्दीपलीकडे, ॲडलेडच्या वेळेत; पोचलो तेव्हा गावच्या घड्याळात एक वाजून पाच झाले होते. पंच बोटावर शिट्टी फिरवत उभा.

"दहा मिनिटांत खांब उभे नसतील, तर कप पिंडारीचा."

"कुठे मेला होतास, लायल्या?" ग्लेनिस.

"विश्रांती घेत होतो."

"जन्मभर दुसरं केलंयस काय!"

खड्डे खणायला वेळच नव्हता. मग गावातली सात धट्टीकट्टी माणसं निवडली, आठवा मी, आणि आम्ही एकेक खांब छातीशी कवटाळून उभे राहिलो. पंचाने नियमाचं पुस्तक उलटंसुलटं चाळलं. खांब जमिनीत गाडलेला हवा असं त्यात कुठेच नव्हतं. शिट्टी वाजली.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे. आमच्या रेगने लांबून लाथ हाणली. चेंडू थेट माझ्या खांबावर येत होता. खांबाला लागला तर एकच गुण, आत गेला तर सहा. तेवढ्यात खिशातला टॅबलेट केकाटला: "काम थांबवा! विश्रांती घ्या!"

मी कायद्याने चालणारा माणूस. हात सोडले. खांब बाहेरच्या अंगाला कलला आणि चेंडू आत.

मैदान दणाणलं. सामना संपताच पिंडारीचा सेक्रेटरी धावत आला. "चिटिंग! खांब सोडला याने!"

"सरकारी नियम आहे. ही बघा नोंद." मी छाती पुढे काढून डायरी दाखवली.

त्याने वाचलं. मग हसला.

"विश्रांती सुरू, तीन अठ्ठेचाळीस. पण सामना तर तीन वीसला संपला! अठ्ठावीस मिनिटांनंतरचा गोल कसा धरायचा?"

"अहो, ती सिडनीची वेळ..."

"मग सामना सिडनीत खेळायचा होता!"

पंचाने मनगटावर पाहिलं, मैदानाच्या घड्याळाकडे पाहिलं, डायरीकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला.

त्याने निकाल दिलाच नाही. कप सध्या ढाब्यावर आहे, टेबलाच्या मधोमध, हद्दीच्या रेघेवर. वॉलीच्या बाजूने पाहिलं तर पिंडारी जिंकलीय, थेल्माच्या बाजूने पाहिलं तर आम्ही. त्यामुळे ग्लेनिस जेवायला थेल्माच्या बाजूलाच बसते. मी मात्र चहा रेघेवर उभ्यानेच पितो.