पांढऱ्या गाठी

थोरलीने सकाळपासून चवळीची चाळीसेक रोपं उपटली असतील. मुळावरची बारीक गाठ नखाने फोडायची आणि आत बघायचं. लाल निघाली तर मातीच्या पोटात काहीतरी पडतंय, पांढरी निघाली तर सगळी मेहनत पाण्यात. बांधालगतची ओळ सोडली तर एकजात सगळ्या पांढऱ्या निघाल्या.

ही चवळी खाण्यासाठी नव्हतीच. फुलावर आली की नांगरून गाडायची, म्हणजे झिजलेली जमीन पुन्हा अंग धरेल, हा थोरलीचा हट्ट. धाकट्या भावाला एवढा धीर कुठला! तो वरची हातभर माती वीटभट्टीला द्यायला निघाला होता. बहिणीच्या रडारडीपुढे कसाबसा नमला. गाठी लाल निघाल्या तर वर्षभर थांबतो, म्हणाला. आज तो बघायला येणार होता.

गाठी लाल करणाऱ्या जिवाणूंची, बियाण्याला चोळायची पुडी गारव्याला ठेवायची असते; उष्णतेने ते मरतात. आईने ती चुलीवरच्या फळीवर ठेवली होती, उंदरांपासून जपून! पेरणीच्या दिवशी हाताला गरम लागली, तेव्हाच थोरलीला शंका आली होती. दुसरी आणायला वेळ नव्हता. वेड्या आशेने तिने तीच चोळली.

फक्त बांधालगतच्या ओळीत गाठी लाल होत्या. वडील तिथे दरवर्षी चवळी लावत. ते गेले, पण त्या मातीतले जिवाणू टिकून होते.

भाऊ आला, मागोमाग भट्टीवाला. थोरलीने त्यांना बांधाकडेच नेलं. स्वतःची लाज वाटली, तरी नेलं.

"बघ, लाल आहे की नाही?"

"ताई, मला काय खुळा समजतेस?" भाऊ तडक शेताच्या मधोमध गेला, एक रोप उपटून गाठ फोडली आणि तिच्यासमोर धरली. "उद्या सकाळी माती काढायला मशीन येईल."

थोरली बांधाकडे गेली. तिथे पडलेल्या घमेल्यात तिने बांधाची माती भरली आणि ती ओळींमधून पसरत सुटली.

"अगं ताई, एका दिवसात काय होणार आहे?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पुन्हा घमेलं भरायला वळली.

तिथे आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"पुडी मीच फळीवर ठेवली होती ना गं?"

थोरलीने घमेलं खाली ठेवलं. "उंदरांनी खाल्ली असती, आई."

आईने घरून आणलेलं दुसरं घमेलं पुढे केलं.

"भर," ती म्हणाली.