वाटाण्याची हिरवी राखणदार

मी एक जुनी हिरवी बुरशी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. शिळ्या अन्नावर चढते ती मी नव्हे.

माझा जन्म एका शेताच्या बांधाजवळ, कुजक्या मुळांत झाला. त्या शेतात वाटाण्याची रोपं उगवायची आणि उभ्या उभ्या आडवी पडायची. माणसं म्हणत, ही जमीनच खादाड आहे. पण भूक जमिनीला नव्हती. मातीत एक पांढरी बुरशी दबा धरून बसली होती. बी रुजलं की कोवळ्या मुळाचा वास काढत ती यायची.

शेत एका वहिनीचं होतं. तिची नणंद प्रयोगशाळेत कामाला होती. तिने बांधाजवळची माती नेली, मला काचेच्या ताटलीत वाढवलं आणि भुकटीत मिसळून पाकिटात भरलं.

वहिनीकडे सासूने जपलेलं बियाणं डब्याच्या तळाशी उरलं होतं. तसलं दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"बुरशीनेच वाटोळं केलं ना? मग आणखी बुरशी कशाला?" वहिनी म्हणाली.

"ही त्या बुरशीला खाते, वहिनी."

"आणि तिला खाऊन झाल्यावर?"

नणंदेने डबा पुढे ओढला आणि बियाण्याचे दोन वाटे केले.

शेवटी अर्ध्या बियाण्याला मला चोळून सावलीत सुकवलं. अर्धं तसंच कोरं पेरलं.

मातीखाली ती पांढरी बुरशी आली. मी तिच्या धाग्यांना विळखे घातले आणि तिला विरघळवून प्यायले. पलीकडच्या वाफ्यात कोरे दाणे एकेक करून मऊ पडत होते. मला ते कळत होतं. तिथवर माझी पोच नव्हती.

न राहवून वहिनीने एक दाणा उकरला. त्यावर माझा हिरवा थर पाहून तिने तो फेकायला हात उचलला. मग तिला खालून फुटलेलं मूळ दिसलं.

"जिवंत आहे गं," ती पुटपुटली. तिने दाणा परत पुरला.

एक वाफा डोलू लागला, दुसरा बोडका राहिला. बियाणं वाचलं. वहिनीने जमिनीवर हात टेकवला आणि हलकेच म्हणाली, "राहा तू इथेच."

पुढे माझं कौतुक झालं, मग विसर पडला. उरलेलं पाकीट खिडकीत उन्हात राहिलं आणि त्यातली मी मेले. मातीतली मी अजून आहे, पण थकत चालले आहे.

मित्रांनो, मला सावलीत ठेवा. विषारी औषधांत कालवू नका. मातीत कुजलेलं खत घालत जा. उपाशी राहिले तर मी संपेन. ती पांढरी मात्र संपत नाही. ती वर्षानुवर्षं काही न खाता पडून राहते. मी हे बोलते आहे ना, तेसुद्धा ती ऐकते आहे.