धरलेली जागा

मी एक जुना सोलापुरी टॉवेल आहे. मित्रांनो, माझ्या आजच्या रंगावर जाऊ नका. मूळचा मी पांढरा होतो, दोन्ही काठांना हिरवी पट्टी होती आणि अंगाला नव्या सुताचा खरखरीत वास होता.

सोलापुरात एका मागावर माझा जन्म झाला. तिथून पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात आलो आणि दुकानातून थेट लग्नाच्या मांडवात. टॉवेल-टोपी देऊन पाहुण्यांचा मान करतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. बिबवेवाडीच्या दत्तोबांच्या खांद्यावर मला असाच मानाने ठेवण्यात आलं. आपलं सोनं झालं, असं मला वाटलं.

दत्तोबांची जमीन तेव्हा नुकतीच प्लॉट पाडून विकली गेली होती. पैसा आला तसा गेला. नांगर धरायची सवय असलेले हात रिकामे राहिले, तसे ते स्वारगेटच्या एसटी स्टँडवर जाऊन बसू लागले. तिथे त्यांना गर्दी दिसली आणि गर्दीत धंदा दिसला.

गाडी फलाटाला लागायच्या आधी, ती वळण घेत असतानाच, ते पळत जाऊन खिडकीतून मला आत फेकत. मी ज्या बाकावर पडे, ती जागा धरली जाई. मग दारातल्या रेटारेटीत घामाघूम झालेल्या एखाद्याच्या कानाशी लागून ते म्हणत, "साहेब, जागा हाय. एक रुपया."

माणसांची एक गंमत मला तेव्हाच कळली. बसलेल्या माणसाशी ही मंडळी भांडभांड भांडतात, पण बाकावर पसरलेल्या कापडाला कोणी हात लावत नाही. माणसाला उठवता येतं, टॉवेलला नाही.

एकदा एका चष्मेवाल्यांनी विचारलं, "अहो, आपण जागा विकता की जमीन?"

"जमीन इकून झाली, साहेब," दत्तोबा म्हणाले. "आता जागाच उरली."

चष्मेवाल्यांनी रुपया दिला आणि जागा चाकावरची निघाली म्हणून आठ आणे परत मागितले. दिलेही दत्तोबांनी. उरलेल्या आठ आण्यांतही नफाच होता; भांडवल म्हणजे मी, आणि मी फुकटचा.

घरी त्यांच्या पत्नी बायडाबाई टोचून विचारत, "गाडी सरकारची, तिकीट सरकारचं. मग तुम्ही कशाचं पैसं घेता?"

"पळन्याचं," दत्तोबा म्हणत.

हे उत्तर मलाही पटे. वसुबारसेपर्यंत पटत होतं.

त्या दिवशी दिवाळीची गर्दी फुटून वाहत होती. वाईची गाडी वळली आणि मी एका बाकावर जाऊन पडलो. शेजारी खिडकीशी शरच्चंद्र नावाचे एक गृहस्थ आगारातच चढून आधीच बसले होते. दत्तोबा बाहेरून म्हणाले, "काका, तेवढं ध्यान ठेवा. मानूस येतोय."

"सांगितलंत ना? मग काळजी नको," काका म्हणाले. हा शब्द किती महागात पडणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

खाली दीनानाथ उभे होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन ते वाईला राहायला गेले होते आणि मुलीला, वासंतीला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी नेत होते. दत्तोबांनी सणाचा भाव सांगितला, "दोन रुपये." दीनानाथांनी पाकीट काढलं. तेवढ्यात आणखी माणसं धावत आली. दत्तोबांनी गर्दीकडे पाहिलं.

"तीन."

"आत्ता दोन म्हणालात."

"आत्ता गर्दी कमी हुती."

"एका मिनिटात भाव वाढला?"

"मिनिटाचाच धंदा हाय, साहेब."

दीनानाथांनी पाकीट मिटलं. "दोन दिले असते. हा तिसरा मी देणार नाही."

"जाऊ द्या ना बाबा," वासंती म्हणाली. "राहीन मी उभी."

दोघं चढले. दीनानाथ दारापाशीच अडकले, ती रेटत रेटत आत येऊन नेमकी माझ्या शेजारी उभी राहिली. खाली दत्तोबांना सफारी सूट घातलेलं एक गिऱ्हाईक मिळालं होतं. ते अडीचवर अडलं, दत्तोबा तीनवर. घंटी झाली. गाडी सुटली आणि त्यांच्यामधल्या आठ आण्यांसकट मी वाईच्या रस्त्याला लागलो.

"अहो, ह्यांना बसू द्या की," मागून एक बाई म्हणाल्या. "अवघडलेल्या आहेत."

"मला काय हरकत आहे?" काका म्हणाले. "पण मी शब्द दिलाय. मालक मागे असतील." मग वळून मोठ्याने, "टॉवेलवाले, या बरं पुढे!"

कोणी आलं नाही. "येतील," काका म्हणाले आणि मला नीट सारखं केलं.

मित्रांनो, कापडाला हातपाय असते तर मी तेव्हाच उठलो असतो. मी मानाचा टॉवेल! आणि ऐटीत पसरून बसलो होतो, आणि ती दोन जिवांची पोर दांडीला लोंबकळत होती. कात्रजचा घाट लागला. वळणावळणाला तिच्या कपाळावरचा घाम माझ्यावर ठिबकत होता. सकाळी चौकशी खिडकीपाशी कुणाचा तरी उसाचा रस अंगावर सांडला तो मी सोसला होता, पण हे थेंब मला सोसवेनात. एका वळणावर ती एकदम वाकली, मला ओढून तोंडाशी धरलं आणि तिला उलटी झाली.

तिकिटं फाडत कंडक्टर तिथवर पोचले ते तेव्हा. "टॉवेल कुणाचा?" काकांनी पुन्हा मागे पाहिलं; मालक काही पुढे आला नाही. "मग ह्याचं तिकीट कुणी काढलंय?"

काकांचा चेहरा लालेलाल झाला. ते उठले. "बाई, तुम्ही खिडकीशी बसा." शेजारची माझी जागा मोकळी झाली, तरी ते तिथे बसले नाहीत; वाईपर्यंत उभेच राहिले.

खेड शिवापूरला गाडी थांबली तेव्हा वासंतीने नळाखाली मला धुतलं. खिडकीच्या गजावर वाळवलं आणि वाई आल्यावर घडी करून, स्टँडवरच्या जागावाल्यांना द्या म्हणून, कंडक्टरच्या हाती दिलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर कंडक्टरांनी मला दत्तोबांपुढे धरलं. "टॉवेल घाण केला म्हणून त्या बाईंनी माफी मागितलीय. आणि हे दोन रुपये, त्यांच्या वडिलांकडून. शेवटी बसायला मिळालं ना, म्हणून. पहिल्या भावाने."

दत्तोबांनी आधी विचारलं, "बरी हाय का पोर?"

"आहे. नशीब तुमचं."

दत्तोबांनी ते दोन रुपये परत पुढे केले. "तुम्ही ह्याचा च्या घ्या."

"मी चहा घेतो," कंडक्टर म्हणाले. "ह्याचा नाही."

पुढची गाडी वळली. सवयीने दत्तोबा पळाले, मला धरलेला हात वर गेला. खिडकी समोर आली आणि निघून गेली. हात तसाच वर. लोक हसले.

दिवाळीनंतर ते पुन्हा स्टँडवर गेले, पण लोकांच्या ट्रंका उचलायला. मला मात्र त्यांनी खांद्यावर कधीच घेतलं नाही. बायडाबाई म्हणाल्या, "चांगला टावेल हाय, वापरत का न्हाई?" ते खाली बघून म्हणाले, "सायकलीला लागतो." तेव्हापासून मी सायकल पुसतो. तक्रार नाही. पण ते माझ्याकडे बघत नाहीत, आणि मीही त्यांच्याकडे बघत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्यासारखे सगळेच तुम्हाला सांगतात. मी तसं सांगणार नाही. कधी एखाद्या बाकावर कापड पसरलेलं दिसलं आणि शेजारी कोणी अवघडून उभं असेल, तर कापडाचा मान राखू नका. उचला आणि बाजूला ठेवा. आम्हाला राग येत नाही. आमचे पाय दुखत नाहीत.