पहाटेचा वाण

काळेवाडीच्या आमच्या चाळीतले कोंबडे उन्हं अंगणात उतरल्यावर आरवत. पाहुणे हसायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

कोंबड्या सुभद्राबाईंच्या. कारखाने आले तेव्हा त्यांचं शेत गेलं, कोंबड्या तेवढ्या राहिल्या. चाळीतले निम्मे पुरुष दुसऱ्या शिफ्टचे, मध्यरात्र उलटल्यावर अंग टाकणारे. जो कोंबडा पहाटे बांग देई, त्याच्या नावानं रविवारी मसाला वाटला जाई.

"धा वर्सांत कोंबडे शाने झाले," सुभद्राबाई कौतुकानं म्हणत.

"शहाणं कुणी झालं नाही." हे मुकुंद सर. कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. अंड्यालाही शिवत नसत, पण कोंबड्यांवर तासभर बोलत. "पहाटे आरवणं रक्तातून येतं, जनुकातून. तसले कोंबडे पिल्लं व्हायच्या आधीच पातेल्यात गेले. उशिरा आरवणाऱ्यांची पिल्लावळ वाढली. दर पिढीत पहाटेचं जनुक कमी कमी होत गेलं."

"म्हंजी आमीच निवडलं?"

"तुम्ही आणि तुमच्या पाट्या-वरवंट्यानं."

चौऱ्याहत्तर साली ज्योतीराम आला. कंपनीत टेम्पररी, म्हणजे रोज पहिली शिफ्ट, पहाटेची बस. दोनदा बस चुकली होती; तिसऱ्यांदा चुकली की हातात नारळ. गजराचं घड्याळ त्याच्या उशाशी बोंबलून थकायचं. गावी जन्मभर त्याला कोंबड्यानंच उठवलेलं. शेवटी तो एसटीतून डालग्यात घालून तांबडा कोंबडा घेऊन आला. नाव सरपंच.

पहिल्याच पहाटे सरपंचानं आळी हलवली. ज्योतीरामला बस मिळाली. शेजारचे अर्जुनराव, जन्माचे दुसऱ्या शिफ्टचे, चप्पल घेऊन बाहेर आले.

"रविवारी ह्याचा रस्सा!"

"अर्जुनराव, पोटावर पाय देऊ नका. कायम होईपर्यंत तरी राहू द्या."

"आणि माझी झोप कंपनी भरून देणार व्हय रे?"

सुभद्राबाईंनी तोड काढली. ज्योतीराम कायम होईस्तोवर सरपंचाला अभय. झाला की साऱ्या चाळीला जेवण. अर्जुनरावांनी कानात कापूस कोंबला, वर शिव्या दिल्या.

ज्योतीरामची बस पुन्हा चुकली नाही. दिवाळीनंतर तो कायम झाला. पेढे वाटले, आणि कायम झाल्याबरोबर शिफ्टही दर आठवड्याला फिरती झाली. दुसऱ्या शिफ्टच्या पहिल्याच पहाटे चप्पल घेऊन बाहेर आला तो ज्योतीराम. अर्जुनराव दारातच उभे होते.

"काय राव, झोप झाली का?"

रविवारी रस्सा झाला. ज्योतीरामनं दोन वाट्या ओरपल्या आणि डोळ्यांतल्या पाण्याचं खापर तिखटावर फोडलं.

"संपला पहाटेचा वाण!" अर्जुनराव ढेकर देत म्हणाले.

सुभद्राबाईंनी कोपऱ्यातलं डालगं उचललं. खाली तांबूस पिल्लांचा घोळका. "त्येचीच हायती."

मुकुंद सर उंबऱ्याबाहेरूनच टाळी वाजवून हसले. "मग जिंकला की तो! किती दिवस जगला ते विचारायचं नसतं, मागे किती पिल्लं ठेवली ते विचारायचं."

अर्जुनरावांचा हात नळीवरच थांबला.

शिमग्याच्या सुमारास एका पहाटे अंगणातून बांग उठली. बेसूर, कोवळी. लगेच दुसरी. अर्जुनराव चप्पल घेऊन धावले, तर ज्योतीराम डबा काखेत मारून डालग्यापुढे आडवा उभा. त्याची पहिली शिफ्ट होती.

"आठवडाभर दम धरा, अर्जुनराव," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारपासून मी तुमच्या बाजूनं."